उंटाला पित्त झालं तेव्हा

मोहोर आलाय! परवा सकाळी ब्रश तोंडात घेऊन मागच्या दारी उभी होते आणि एकदम तो वास आला. गोडसर, थोडा उग्र, आता शिंक येणार असं वाटायला लावणारा. शिंक आली नाही, पण जे व्हायचं ते झालंच. म्हणजे आता दोन महिने मी काही एका जागी बसत नाही. टेबलाशी बसले की पाय हलतो. पाणी प्यायला उठते आणि पाणी न पिताच परत येते. डीटीपीची कामं पडलीयेत, दोन लग्नपत्रिका आणि एक शालींचं पत्रक, आणि मी हे टाइप करत बसलेय. कारण हे आत्ता नाही लिहिलं तर मला काही सुचायचंच नाही.

आमच्या रत्नागिरीत या दिवसांत सगळेच जरा असे असतात. लोक वर बघत चालतात. आधी झाडाकडे, मग आभाळाकडे. मळभ आलं की दुकानदार सुद्धा सुट्टे द्यायला विसरतो. ज्याचं स्वतःचं आंब्याचं एकही कलम नाही तो पण विचारतो, "काय, धरलाय का?" आणि कुणी हो म्हणत नाही. हो म्हटलं तर दृष्ट लागते ना! "बघू," म्हणतात. अख्खा गाव दोन महिने "बघू" म्हणत फिरत असतो.

तर ते शालींचं पत्रक. त्यासाठी लोकरीचं चित्र हवं होतं म्हणून नेटवर शोधत होते, आणि मला अल्पाका सापडला! तुम्ही बघितलाय का कधी? मी नव्हता बघितला. मेंढीला लांब मान लावली आणि वर कुणीतरी केस कापून दिले तर जसं दिसेल तसं ध्यान. लांब कुठेतरी, समुद्रापलीकडच्या थंड डोंगरांत राहतो. आणि खाली चक्क माहिती दिलेली, अल्पाका काय म्हणतोय ते ओळखायचं कसं. कान मागे गेले आणि हनुवटी वर झाली की बाजूला व्हा, आता थुंकणार. मान खाली आणि शेपटी उलटी पाठीवर, म्हणजे तो म्हणतोय मी लहान आहे हो, मला काही करू नका. डोक्यावरून हात फिरवलेला बहुतेकांना आवडत नाही, आपण मात्र पहिला हात तिथेच घालतो. आणि तो एक बारीक आवाज काढतो, हुंऽऽ असा. पण गंमत म्हणजे काळजी वाटली तरी हुंऽऽ, कंटाळा आला तरी हुंऽऽ, नवीन काही दिसलं तरी हुंऽऽ. नुसत्या आवाजावरून ठरवू नका, असं लिहिलेलं. सगळं अंग बघा.

आणि शेवटी एक ओळ, की हा उंटाच्या घराण्यातला.

मी खुर्चीतून उठलेच. खोलीत दोन फेऱ्या मारल्या, परत बसले, परत वाचलं. दहावीच्या वर्षी हे एवढं एक पान माझ्याकडे असतं तर!

दहावीच्या वर्षी मांडवीला उंट आला होता.

दिवाळी संपली आणि आला. आमचं घर मांडवीला, समुद्रापासून दोन मिनिटं. शाळेतून येताना बघते तर काळ्या वाळूत हा एवढा उंच उंट, पाठीवर लाल गोधडी, गळ्यात घुंगरं, आणि शेजारी पांढऱ्या धोतरातला एक बारीकसा माणूस. भैराराम त्याचं नाव, राजस्थानचा. आम्ही सगळे भैराभाऊ म्हणायचो. उंटाचं नाव राजू. भैराभाऊ त्याला बसवायला "झै, झै" करायचा आणि राजू आधी पुढचे गुडघे, मग मागचे, मग परत पुढचे, असा घडीच्या खुर्चीसारखा मिटत जायचा. पोरं किंचाळायची. मी पण. दहावीत होते तरी.

मला तो उंट आवडला म्हणजे काय आवडला! रोज संध्याकाळी "डोकं दुखतंय, जरा वाऱ्यावर जाऊन येते" म्हणून सुटायचे ती थेट जेटीच्या बाजूला, सुरूच्या झाडांखाली, तिथे तो बांधलेला असायचा. भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी उंटाची भाषा लिहायला घेतली. खोटं नाही सांगत, तक्ता केला होता. खालचा ओठ लोंबतोय म्हणजे विचार करतोय. दात करकर वाजतायत म्हणजे भूक लागली. डोळे अर्धे मिटलेत म्हणजे मी आलेली आवडली. हे शेवटचं कशावरून ठरवलं होतं देव जाणे. गाय डोळे अर्धे मिटून रवंथ करते तेव्हा खूश असते, मग उंट पण असणार! मला गाय माहीत होती ना. आम्हां सगळ्यांनाच गाय माहीत होती, बैल, म्हैस, कुत्रं माहीत होतं. उंट कुणाला माहीत होता? पण माहीत नाही असं कुणी कबूल करेल तर शपथ.

जेटीजवळ नानांची भेळेची गाडी असायची. नाना म्हणायचे, "काय गो चिमे, काय म्हणतो तुझा उंट?"

"आज खूश आहे."

"तुला सांगितलंन वाटतं कानात?"

"मला कळतं ते."

"मग त्याला सांग, माझ्या गाडीकडे बघून तोंड वाकडं करू नको. गिऱ्हाईकं समजतात भेळ शिळी आहे!"

सगळे हसायचे. पण मी मनातून फुगायचे. "मला कळतं ते." केवढं ते वाक्य! पंधराव्या वर्षी दुसरं काहीच कळत नसताना एक उंट कळतो म्हणजे काय लहान गोष्ट आहे? मैत्रिणी का बोलेनाशा होतात कळत नव्हतं. आरशात बघावंसं वाटतं आणि बघितलं की रडू येतं, ते का, तेही नाही. आणि बाबा तर अजिबातच नाही.

बाबा कचेरीत क्लार्क, आणि पावस गावाच्या वाटेवर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, आमची थोडी हापूसची कलमं. डिसेंबर लागला की बाबांचं शरीर घरात आणि बाकी सगळं सड्यावर. रविवारी मला पण न्यायचे. फांदीचं टोक वाकवून तिथला फुगलेला डोळा, म्हणजे कोंब, दोन बोटांत धरायचे, हलकेच, जसं लहान बाळाचं बोट धरतात तसं, आणि मला विचारायचे, "सांग, मोहोर की पालवी?" मी म्हणायचे मोहोर. ते म्हणायचे, "घाई नको गो. अजून त्यालाच ठरवायचंय." आणि पुढच्या झाडाकडे. मला राग यायचा. एवढं साधं विचारलेलं, त्याचं उत्तर पण मिळू नये?

आता कळतं की ते मला शिकवत होते. तेव्हा वाटायचं, टाळतायत.

आणि घरात कुंदाआत्या. बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच असते. अजून आहे, आत्ता पलीकडच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून बसलीये. आत्याचं जगाबद्दल एकच मत आहे, ते म्हणजे पित्त. डोकं दुखलं, पित्त. झोप नाही, पित्त. शेजारच्या सुनेने भांडण काढलं, "पित्तप्रकृती आहे तिची." आणि पित्तावर औषध एकच, कोकम. मे महिन्यात कोकमाची फळं, रातांबे, आणून आत्या मीठ घालून आगळ काढते, गडद लाल, जवळजवळ काळं, बाटल्याच्या बाटल्या. एक डाग पडला की तो कपडा गेलाच समजा. त्या वर्षी प्रिलिमच्या अभ्यासात मी सारखी उठते बसते म्हणून मला सुद्धा रोज आगळाचं पाणी. आंबट, खारट, वर चिमूटभर जिरं. "पी गो. अंगातली तगमग जाते."

जात नव्हती. पण प्यायचे.

मग जानेवारीत राजू बदलला.

आधी खाणं कमी झालं. मग पोटातून कुठूनतरी गुडगुड आवाज, जसं रिकाम्या हंड्यात पाणी ओततात तसा. तोंडाला फेस, पांढरा, साबणासारखा, ओठांवरून छातीवर ओघळायचा. कानांच्या मागे केस ओले, काळपट, आणि वास असा की मी दोन पावलं मागे झाले. सारखा शेपटी आपटायचा. उभा राहायचा, बसायचा, परत उभा. भैराभाऊने त्याला आखूड दोरीवर बांधला, पोरांना बसवणं बंद केलं. नाताळची गर्दी गेली होती तरी रविवारी माणसं यायची, लांबून बघून परत जायची. भैराभाऊ नुसता बसून असायचा, बिडी ओढत.

मी विचारलं, "काय झालंय त्याला?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे. "कुछ नहीं. तू घर जा. पढाई कर. नजदीक नहीं आना अब."

"औषध दिलं का?"

"दवा की बात नहीं है." आणि त्याने मानच फिरवली.

मला एवढा राग आला! म्हटलं, याचा उंट आजारी आहे आणि हा बिडी ओढतोय. घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं, फेस, गुडगुड, अन्न नको, झोप नाही, सारखी ऊठबस. आत्या तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मग पित्त आहे त्याला. दुसरं काय असणार? उन्हातान्हात फिरवतो मेला, वेळेवर खायला नाही."

झालं! मला पटलंच. माझा सगळा तक्ता त्या एका शब्दात बसला. खरं तर मी राजूचं काही बघतच नव्हते. मी आमच्या घरात सापडणारं एक नाव शोधत होते, ते मिळालं. आता सहा वर्षांनी हे किती सहज टाइप होतंय बघा. तेव्हा मात्र मला वाटलं, अख्ख्या मांडवीत एकटी मीच आहे जिला त्याची काळजी आहे.

रविवार होता. सोमवारी अकरा वाजता प्रिलिमचा भूमितीचा पेपर. संध्याकाळी समुद्रावर ही गर्दी. आगळाची एक अख्खी बाटली, घमेल्यात पाणी, घरून लपवत नेलं. भैराभाऊ चारा आणायला जाईपर्यंत मी सुरूच्या मागे थांबले. मग घमेलं पुढे सरकवलं आणि बाटली उपडी केली. पाणी लाल झालं. राजूने वास घेतला आणि प्यायला लागला! खारट होतं ना, त्याला आवडलं असणार. मला केवढा आनंद झाला. म्हटलं बघा, त्यालाच कळतंय त्याला काय हवंय.

घमेलं अर्धं झालं आणि त्याने मान वर केली. कान मागे. हनुवटी आभाळाकडे. मी बघत होते हो, माझ्या डोळ्यांसमोर सगळं होतं! तोंडाच्या एका बाजूने गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलं, लोंबलं, पोटातून तो गुडगुड आवाज, आणि मग त्याने मान अशी झटकली की दोरीचा खुंटाच उपटला. चार ढांगांत तो नानांच्या गाडीपाशी. परत झटकली. लाल फेस. भेळेवर, चिवड्यावर, एका माणसाच्या पांढऱ्या शर्टावर, एका बाळाच्या टोपड्यावर.

"रक्त!" कोणीतरी ओरडलं.

"पिसाळलाय! उंट पिसाळलाय!"

माणसं पळाली. चपला वाळूत. एक बाई बाळाला छातीशी धरून पाण्यातच शिरली. मी घमेलं उचललं, एका होडीच्या आड फेकलं, आणि तिथेच खाली बसले.

भैराभाऊ धावत आला. चाऱ्याचा भारा टाकला, दोरी पकडली, काय बोलला त्याच्याशी देव जाणे, पण राजू थांबला. तोवर लोक लांब गोल करून उभे. नाना, होडीवाले, आइस्क्रीमवाला. कुणी दगड उचललेला. नाना म्हणत होते, "आजच्या आज न्यायचा याला इथून. नाय तर बंदूकवाल्याला बोलावतो. पोरं फिरतात इथे!"

भैराभाऊ हात जोडून म्हणत होता, "खून नहीं है, भाई. खून नहीं है."

"मग काय आहे? डोळे फुटले काय आमचे?"

तेव्हा त्याने काय केलं, राजूच्या छातीवरचा तो लाल फेस बोटावर घेतला आणि सगळ्यांसमोर चाटला. थांबला. परत चाटला. "खट्टा है," म्हणाला. "खट्टा है, भाई. नमक है." बोट पुढे करून एकेकापाशी जायला लागला, तुम्ही पण बघा चव म्हणून. लोक मागे सरकत होते. कुणीतरी म्हणालं, "हा पण गेला कामातून." हसले सुद्धा दोघं-तिघं.

मी होडीच्या आड. वीस पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं, "मी कोकम पाजलं." तीन शब्द. माझे हात मनगटापर्यंत लाल, फ्रॉकवर डाग. तीन शब्द बोलले असते तर तो मांडवीला राहिला असता, शिमग्यापर्यंत, सुट्टीपर्यंत. मला सगळं समजत होतं. आणि मी बोलले नाही.

बाबांची भीती होती, नाना ओरडतील ही भीती होती, ते सगळं आहेच. पण खरं कारण तेवढंच नाही. नानांसमोर, सगळ्यांसमोर, मला म्हणावं लागलं असतं की मला उंट कळत नाही.

बस, एवढंच. इतक्या लहान गोष्टीसाठी माणूस गप्प बसतो. कधी कधी वाटतं, मोठी झाले म्हणजे काय झाले, तर अशा होडीच्या आड बसलेल्या माणसांना ओळखायला लागले. ऑफिसात, लग्नाच्या बैठकीत. खांदे आत घेतलेले, हात मांडीखाली. त्यांना काहीतरी माहीत असतं. मी बघते आणि माझाच पाय हलायला लागतो.

सकाळी उठले ती तोंड न धुता आत्यापाशी गेले. चुलीवर पाणी तापत होतं. सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं, आता मार. आत्याने ऐकून घेतलं, माझे हात हातात घेऊन उलटसुलट केले, आणि म्हणाली, "अख्खी बाटली?"

"हो."

"शिंच्ये, पाव वाटी पुरतं गो!"

मग ती उठली. पदर खोचला, फडताळातून आगळाची आणखी एक बाटली काढली, "चल," म्हणाली. मी म्हटलं बाबांना? "तो सड्यावर गेलाय पहाटेच. त्याला त्याच्या झाडांचं पडलंय. चल तू."

नाना गाडी धूत होते. होडीवाले जाळं पसरत होते. कुंदाआत्या मधोमध जाऊन उभी राहिली, साठीची बाई, नऊवारी, कपाळाला आठ्या. बूच काढलं, बाटली तोंडाला लावली, गाल फुगवून चूळ भरली आणि वाळूत पचकन लाल थुंकली. आगळ हनुवटीवरून खाली ओघळत होतं.

"बघा!" म्हणाली. "मी पण पिसाळले! बोलवा बंदूकवाल्याला!"

नानांच्या हातातलं फडकं पडलं.

"आमच्या चिमीने उंटाला आगळ पाजलंन काल. आणि पित्त झालंय असं सांगणारी मी. आता कुणाला काय बोलायचं ते मला बोला. त्या गरिबाला नाही."

सगळे एवढे हसले! होडीवाले वाळूत बसून हसले. नाना म्हणाले, "अहो आत्याबाई, तुमच्या आगळाने भल्याभल्यांचं डोकं फिरतं, उंटाचं काय घेऊन बसलात!" मी पण हसले, रडता रडता. सगळं मिटलं असं वाटलं. मग मी सुरूच्या झाडांकडे बघितलं. वाळूत खुंटाचं भोक होतं, आणि लेंड्या.

"गेला तो," नाना म्हणाले. आता त्यांचा आवाज बदलला. "उजाडताच गेला. चहा घे म्हटलं तर थांबला पण नाही. भाट्याच्या पुलाकडे गेला बघ."

पेपर अकराला होता. मी सायकल काढली.

त्या सायकलबद्दल मला फक्त एवढं आठवतं की चेन दोनदा पडली आणि वाऱ्याला मोहोराचा वास होता. पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला ते दोघे थांबले होते. राजूच्या तोंडाला जाळी, पाठीवर गाठोडी, एक पातेलं, लाल गोधडी. मी सायकल टाकली आणि धावत जाऊन, लांबूनच, म्हटलं, "मैंने दिया. कोकम. वो मैंने दिया."

"पता है," भैराभाऊ म्हणाला.

"कसं?"

त्याने माझ्या हातांकडे हनुवटी केली. "कल नाव के पीछे बैठी थी ना तू."

तो मला बघत होता! बोट पुढे करून लोकांना चव दाखवत फिरत होता तेव्हा त्याला माहीत होतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तो म्हणाला, "सब पत्थर उठाके खडे थे. तेरा नाम लेता?"

मग म्हटलं, परत चला, आता सगळ्यांना कळलंय, सगळे हसतायत, नाना चहा देतायत. त्याने मान हलवली. कळलं तरी काय, म्हणाला, जो आदमी एक बार भागा, वो अपना बच्चा इसपे नहीं बिठाएगा. हसेगा, चाय पिलाएगा. बिठाएगा नहीं. रागाने नाही म्हणाला. बाबा झाडाबद्दल बोलायचे तसं, नुसतं जे आहे ते.

"और ये बीमार नहीं है," म्हणाला. समुद्राकडे बघत म्हणाला, "ठंड में नर ऊंट ऐसा ही होता है. दो महिना. मस्ती में आता है. मादी चाहिए उसको. तू बेटी जैसी है, तेरे को कैसे बोलता?"

माझे कान गरम झाले. मग मला कळलं की त्याचे पण झालेत. आम्ही दोघं समुद्राकडे बघत राहिलो. आणि मग मी राजूकडे बघितलं, खरं म्हणजे पहिल्यांदाच. फेस, गुडगुड, शेपटी, एक पाय उचलायचा, ठेवायचा, उचलायचा. त्याला काहीच झालं नव्हतं. त्याला फक्त थांबता येत नव्हतं. इथे समुद्राकाठी त्याच्या जातीचं दुसरं कुणी शंभर कोसांत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याचे कान मागे गेले. मी तीन पावलं मागे सरकले. भैराभाऊ म्हणाला, "हां. अब ठीक."

पुलावर गाड्या मागून हॉर्न मारत यायच्या, त्यालाच राजू बिथरत होता, म्हणून भैराभाऊ अर्धा तास तिथे खोळंबला होता. मी म्हटलं, तुम्ही चला, मी थांबवते. आणि पुलाच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध, उंटाकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभी राहिले. पहिलीच आली ती राजापूरची एसटी. ब्रेक करकरले. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"काय गो ए! मरायचंय काय?"

"उंट जातोय! हॉर्न नका मारू!"

"कुठला, तो मांडवीचा? पिसाळलेला?" एका रात्रीत डेपोपर्यंत गेलं होतं. खिडक्याखिडक्यांतून माणसं बाहेर वाकली. कुणीतरी म्हणालं, माणूस चावला म्हणे काल. दुसरं म्हणालं, दोन.

"नाही!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नव्हते. "कोणाला चावला नाही! पिसाळला नाही! मी कोकम पाजलं त्याला! मी!" आणि लाल हात वर करून दाखवले.

बसमध्ये असा हशा उठला, की कंडक्टर दारातून खाली उतरून मला बघायला आला. "कोकम? उंटाला?" मागच्या सीटवरून एक म्हातारी विचारत होती, "साखर घातलीस काय गो?" हसू देत. मी हात खाली केले नाहीत. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, वळले तर बस सुटेल म्हणून. घुंगरं भैराभाऊने आधीच काढून ठेवली होती, आणि उंटाच्या पावलांचा आवाज येत नाही, गादीसारखी असतात ती. त्यामुळे ते दोघे पुलावर कुठवर पोचले, मला काही समजत नव्हतं. मी नुसती ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत होते. तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता, आधी हसत, मग हसायचा थांबून, डोळे बारीक करून, बराच वेळ.

मग त्याने गिअर टाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "गेला गो तो पलीकडे. हो आता बाजूला."